वर्षातला ‘सगळ्यात वाईट’ सिनेमा आणि घरातला अबोला

पत्र थोडक्यात: सांगलीकडच्या एक वाचक, वय ३८, पतसंस्थेत नोकरी. कॉलेजपासून सिनेमाचं वेड. दर ३१ डिसेंबरला वर्षभरात बघितलेल्या सिनेमांतले पाच सगळ्यात चांगले आणि पाच सगळ्यात वाईट अशी यादी करून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. २०२५ च्या यादीत चांगल्यांमध्ये पहिला ‘साबर बोंडं’, मग ‘स्थळ’, ‘जारण’, ‘दशावतार’ आणि ‘आता थांबायचं नाय’. वाईटांमध्ये दुसऱ्या नंबरवर संभाजी महाराजांवरचा हिंदी सिनेमा ‘छावा’, शेरा "डोकं दुखलं, नुसता आवाज". पहिल्या नंबरवर एक मराठी सिनेमा, त्याचं नाव इथे छापत नाही कारण त्याच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये त्यांचा मामेभाऊ असिस्टंट होता. शेरा, "का काढतात असले सिनेमे". भावाने मेसेज बघितला, उत्तर दिलं नाही. मामांचा आईला फोन आला. वडील रिटायर्ड शिक्षक, कित्येक वर्षांनी थिएटरला गेले ते ‘छावा’ बघायला, तेही आता जेवढ्यास तेवढं बोलतात. नवरा म्हणतो मराठी माणसानेच मराठी सिनेमाला नावं ठेवली तर तो जगायचा कसा. प्रश्न असा: "यादी मागे घेऊ का? पुढच्या वर्षीपासून फक्त चांगल्यांचीच टाकू का? पण मग तो खोटेपणा नाही का? मला जे वाटलं तेच मी लिहिलं ना?"

ताई, यादी मागे घेऊ नका. ग्रुपवर सगळ्यांनी वाचून झालंय, आता मागे घेतली म्हणून लिहिलंत तर त्याच्यावरून अजून चार फोन होतील. आणि तुमचं मत बदललंय असं पत्रावरून तरी मला कुठे वाटलं नाही.

पण तुमचं ते शेवटचं वाक्य, "मला जे वाटलं तेच मी लिहिलं ना", ते मी परत परत वाचलं. कारण पत्र तुम्ही चांगलं लांबलचक लिहिलंय आणि त्यात ‘छावा’बद्दल जे लिहिलंय ते यादीतल्या शेऱ्यात कुठेच नाहीये. पत्रात तुम्ही म्हणता की एका लढाईनंतर दुसरी लढाई येत राहते, पण ज्या राजाने संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिला तो वाचणारा, विचार करणारा माणूस तुम्हाला बघायचा होता आणि तो मिळाला नाही, आणि पार्श्वसंगीत इतकं चढं की काही ठिकाणी संवाद नीट ऐकूच आले नाहीत. हे मत झालं. यावर कुणीही तुमच्याशी बसून बोलू शकतं, भांडू पण शकतं. ग्रुपवर मात्र तुम्ही लिहिलंत "डोकं दुखलं, नुसता आवाज". म्हणजे जे वाटलं ते तुम्ही मला लिहिलंत, ग्रुपवर त्याचा एक तुकडा गेला, आणि तोही सगळ्यात बोचरा तुकडा.

तुमची यादी तुम्ही पत्रासोबत जोडलीये म्हणून सांगते. चांगल्या पाच सिनेमांवर प्रत्येकी पाच-सहा ओळी आहेत, सुंदर आहेत. वाईट पाचांवर एकेक ओळ. हे तुमचंच नाही, मी दरवर्षी अशा याद्या आवडीने वाचते आणि बहुतेक सगळीकडे हेच असतं, चांगल्याला कारणं आणि वाईटाला शेरा. मला वाटतं हे नेमकं उलटं पाहिजे. एखादा सिनेमा चांगला आहे म्हणून सांगितलंत आणि कारण नाही दिलं तर फार काय होईल, कुणीतरी बघेल आणि त्याला नाही आवडणार. वाईट म्हणताना मात्र समोर ते बनवणारी माणसं असतात आणि ते बघून रडलेली माणसं असतात, त्यांना तुम्ही कारण द्यायलाच हवं. कारण दिलं की ते सिनेमाबद्दल होतं, नाही दिलं की ते त्यांच्याबद्दल होऊन बसतं. तुमच्या बाबांचं तेच झालंय.

बाबांचं थोडं सविस्तर बोलू, कारण तुमच्यासारखीच पत्रं ‘छावा’वरून बऱ्याच घरांतून आलीत. फेब्रुवारीत सिनेमा आला तेव्हा थिएटरमधून लोक डोळे पुसत बाहेर पडत होते, शेवटी उभं राहून घोषणा देत होते, हे आपण सगळ्यांनी बघितलं. ते रडणं खोटं नव्हतं. पण ते सगळंच्या सगळं सिनेमाने कमावलेलं होतं का, तर माझ्या मते नाही. त्यातलं बरंचसं संभाजी महाराजांच्या शेवटच्या दिवसांबद्दल लहानपणापासून जे ऐकलेलं, वाचलेलं असतं त्याचं होतं, सिनेमाने फक्त ते वर आणलं. विकी कौशलने जीव ओतून काम केलंय हे मला मान्य आहे, आणि पटकथेबद्दलचा तुमचा मुद्दा मला तरीही पटतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण बाबांच्या मनात महाराज आणि सिनेमा हे दोन वेगळे कप्पे नाहीयेत, निदान त्या संध्याकाळी तरी नव्हते, आणि तुमची ती एक ओळ वाचून त्यांना वाटलं असणार की माझी पोरगी माझ्या रडण्याला डोकेदुखी म्हणतेय.

तुम्ही लिहिलंय की बाबांनी शिवाजी सावंतांची ‘छावा’ तरुणपणी वाचलीये आणि त्यांच्या कपाटात ती अजून आहे. मग मार्ग समोरच आहे की. सिनेमा त्याच कादंबरीवरून घेतलाय. बाबांना विचारा की कादंबरीतलं काय काय सिनेमात आलं नाही, काय यायला हवं होतं. खरंच ऐकून घ्यायचं म्हणून विचारा, वाद जिंकायला नको. शिक्षक माणूस आहे, मला वाटतं तास-दीड तास बोलतील, आणि कोण जाणे, तुमची जी तक्रार आहे की राजा दिसला पण माणूस दिसला नाही तीच ते वेगळ्या शब्दांत करतील. नाही केली तरी हरकत नाही. तुमचं मत काय आहे हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट कळेल.

आता मामेभावाचं, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणूनच मला कळलं की तो पहिल्या नंबरचा वाईट सिनेमा तुम्ही मोबाईलवर बघितलात, तीन रात्रींत, कपड्यांना इस्त्री करता करता, आणि गाणी पुढे ढकलली. आणि ‘साबर बोंडं’ तुम्ही पुण्याला कामाला गेल्यावर मुद्दाम मुक्काम वाढवून थिएटरमध्ये बघितलात. ताई, या दोन सिनेमांना एकाच यादीत समोरासमोर उभं कसं करणार? ‘साबर बोंडं’ हा तर असा सिनेमा आहे की त्यात पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, कॅमेरा एका जागी थांबलेला असतो, वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्याला गावी आलेला आनंद आणि त्याचा बालपणीचा दोस्त बाळ्या, दोघं नुसते बसलेले असतात आणि त्या बसण्यातच सगळं असतं. तो इस्त्री करता करता बघितला असतात तर तोच तुमच्या वाईटांच्या यादीत गेला असता, मला खात्री आहे. अमेरिकेतल्या संडान्स चित्रपट महोत्सवात ज्युरीचा मोठा पुरस्कार मिळालेला सिनेमा, आणि शेरा आला असता "काही घडतच नाही".

त्यात भाऊ आर्ट डिपार्टमेंटला. हे काम काय असतं ते जरा सांगते, कारण सिनेमा बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. समजा गोष्ट १९९५ च्या घरात घडते. तर भिंतीवरचं कॅलेंडर त्या वर्षीचं पाहिजे, आणि महिना सीनप्रमाणे बदलला पाहिजे. नवीन रंगाची भिंत चहाचं पाणी, माती, पॉलिशपेपर असं काय काय वापरून जुनी करायची, पण स्विचच्या बोर्डाभोवती जरा जास्तच मळकट करायची कारण तिथे रोज हात लागतो. फडताळातले डबे, देवघरातली समई, दाराजवळच्या चपला हे सगळं कुणाच्या तरी घरून, जुन्या बाजारातून मागून आणायचं, त्याची नोंद ठेवायची आणि परत द्यायचं. आणि मग दिग्दर्शक म्हणाला की कॅमेरा या बाजूने लावू, तर पंधरा मिनिटांत ती सगळी खोली पलटवायची. बजेट कमी असलं की हे सगळं दोन-तीन पोरं करतात, त्यातला एक तुमचा भाऊ. मोबाईलच्या स्क्रीनवर यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. थिएटरमध्ये दिसतं, तेही नीट बघितलं तर.

म्हणून सिनेमा चांगला होतो असं मी म्हणत नाहीये. पटकथा फसली असेल तर भिंत कितीही जुनी दिसो, सिनेमा फसलेलाच. पण "का काढतात असले सिनेमे" यातल्या "काढतात"मध्ये तो पण आला ना. आणि त्याला ते सगळ्यांसमोर वाचावं लागलं, मावश्या, काका, लग्न होऊन आलेल्या नवीन वहिन्या, सगळ्यांसमोर. त्याच्या गप्प बसण्याचं कारण सिनेमाचा अपमान असेल असं मला वाटत नाही. घरात तो काय काम करतो हे आधीच कुणाला धड समजत नसेल, "पिक्चरमध्ये आहे म्हणे" एवढंच, आणि ज्या एका माणसाला ते समजेल असं त्याला वाटत होतं, म्हणजे तुम्ही, तिनेच हे लिहिलं.

तर त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच. मत मागे घेऊ नका, त्याला ते लगेच खोटं वाटेल. एवढंच म्हणा की "सिनेमा मला नाही आवडला, पण तुला न सांगता ग्रुपवर तसं लिहायला नको होतं, आणि मी तो नीट बघितलाही नाहीये, गाणी ढकलत बघितलाय. तू सांग त्यात तुझं काम कुठे कुठे आहे, मी परत बघते." आणि मग खरंच परत बघा, मोठ्या टीव्हीवर, सलग. दुसऱ्यांदा पण वाईट वाटला तर वाटला. त्याला पण माहीत असेल हो तो कुठे फसलाय, सेटवर काम करणाऱ्यांना आपल्याआधी कळतं. मामांना वेगळा फोन करायची गरज नाही, भाऊ बोलायला लागला की ते आपोआप निवळतील.

एक लहानशी गोष्ट मध्येच. "२०२५ चा सर्वोत्तम" असं तुम्ही ठामपणे लिहिता, पण ‘स्थळ’ कुठल्या वर्षाचा धरायचा? जयंत सोमलकरांचा हा सिनेमा २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला, तिथे त्याला पुरस्कार मिळाला, आणि आपल्या थिएटरला तो लागला ७ मार्च २०२५ ला. मराठीतले चांगले सिनेमे असे दोन-दोन वर्षं फिरत आपल्यापर्यंत येतात. आणि आले तरी कसे येतात बघा, १ मे ला ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय’ एकाच दिवशी, १२ सप्टेंबरला ‘दशावतार’, ‘आरपार’, ‘बिन लग्नाची गोष्ट’ तिन्ही एकाच शुक्रवारी, आणि लगेच पुढच्या शुक्रवारी ‘साबर बोंडं’. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यालासुद्धा हे सगळं बघायला जमत नाही, तुमच्याकडे तर तुम्हीच लिहिलंय तसं एखाद्याचा दुपारचा एक शो असतो आणि त्या वेळेला तुम्ही काउंटरवर असता. म्हणजे तुमची यादी अर्धी तुम्ही केलेली असते आणि अर्धी शोच्या टायमिंगने. त्यामुळे मथळा बदला, "मी या वर्षी बघितलेले" असं लिहा, आणि खाली "बघायचे राहिलेले" असा एक वेगळा भाग द्या. मला तर असा भाग वाचायला सगळ्यात जास्त आवडेल.

नवऱ्याच्या मुद्द्यावर येते. त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. मराठी सिनेमाला पहिले तीन दिवस मिळतात, शुक्रवार ते रविवार. त्यात लोक आले नाहीत की सोमवारपासून शो कमी, आणि पुढच्या शुक्रवारी सिनेमा गायब. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये शो द्यायचे असं ठरलं, त्यावर किती वादंग झाला होता आठवत असेल, तरी आजही शो मिळत नाहीत ही तक्रार आहेच. १८ जुलै २०२५ ला हिंदी ‘सैयारा’ आणि मराठी ‘येरे येरे पैसा ३’ एकाच दिवशी आले तेव्हा परत तेच झालं. तर अशा पहिल्या तीन दिवसांत "जाऊ नका" असं ग्रुपवर लिहिणं याचं वजन असतं, हे मी मान्य करते, आणि तेव्हा जरा सांभाळून लिहावं असंच मी सांगेन. पण तुम्ही लिहिलंत ३१ डिसेंबरला. तेव्हा तो सिनेमा कुठल्याच थिएटरला नव्हता, एका तिकिटाचंही नुकसान झालं नाही.

आणि "मराठी आहे म्हणून चांगलं म्हणा" हे मला अजिबात मान्य नाही. अनुदान देताना राज्य सरकारसुद्धा समिती बसवून सिनेमांना ‘अ’ आणि ‘ब’ दर्जा देतं, मग प्रेक्षकाने का भेद करू नये? वर्षभर प्रत्येक सिनेमाला "आवर्जून बघा, अप्रतिम" असं लिहिणारी मंडळी आहेत आपल्याकडे आणि त्याचा परिणाम असा की ‘स्थळ’सारखा सिनेमा येतो तेव्हा त्याच शब्दांवर कुणी विश्वास ठेवत नाही. त्या सिनेमाची सुरुवात आठवा. नायिका सविताच्या स्वप्नात बायका ओळीने बसल्यात आणि मुलगा समोर बसून उत्तरं देतोय, सगळं थिएटर हसतं, आणि मग जागेपणी तीच सविता समोर बसते, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आणि हेच पुन्हा, पुन्हा, प्रत्येक वेळी नवीन पाहुणे. तिकडे बापाच्या कापसाला भाव नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला हसू येत नाही कुणाला. माझ्या यादीत तो पहिला आहे, ‘साबर बोंडं’च्या वर, आणि ‘दशावतार’च्या तर बराच वर. दिलीप प्रभावळकरांनी ८१ व्या वर्षी जे केलंय त्यापुढे मी हात जोडते, कोकण पण काय दिसलंय, पण उत्तरार्धात तो सिनेमा सूडाच्या रस्त्याला लागला आणि मला त्या म्हाताऱ्या दशावतारी कलाकाराची जी गोष्ट हवी होती ती मागे पडली. हे मी लिहिलं म्हणून मराठी सिनेमाचं काही बिघडत नाही. उलट मी त्याला मोठा समजते म्हणून इतकं बोलते.

मग पुढच्या वर्षी काय करायचं. फक्त चांगल्यांची यादी टाकणं हा पर्याय वाईट नाही, खूप लोक तसंच करतात आणि त्यात खोटेपणा काही नाही, सगळं बोलायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय. पण तुमच्या बाबतीत मला ते नको वाटतं. तुम्ही बारकाईने बघता, तुमच्या नापसंतीतही शिकण्यासारखं आहे. मी म्हणेन "सगळ्यात वाईट" हे नाव आणि ते नंबर तेवढे काढा, "निराश करून गेलेले" असं म्हणा, आणि पाच झालेच पाहिजेत असं नाही, दोन असले तर दोन. प्रत्येकाखाली लिहा की कुठे बघितला, सिनेमाला काय करायचं होतं असं तुम्हाला वाटतं, आणि कुठल्या सीनला तुमचं लक्ष उडालं. हे तिसरं फार महत्त्वाचं, कारण तो सीन शोधताना कधी कधी आपल्यालाच कळतं की लक्ष सिनेमामुळे नाही, त्या दिवशीच्या दुसऱ्याच कुठल्या त्रासामुळे उडालं होतं. अर्धवट बघितलेला सिनेमा यादीत घ्यायचाच नाही. आणि ओळखीच्या कुणी काम केलं असेल तर एक तर त्यांना आधी कळवायचं, नाहीतर सरळ लिहायचं की यात घरचं माणूस आहे म्हणून यावर मी बोलत नाही.

ज्यांना घरच्यांऐवजी फेसबुकवर अनोळखी लोकांकडून शिव्या खाव्या लागल्यात, तशीही पत्रं आहेत, त्यांनाही मी एवढंच सांगेन की कारणं देऊन लिहा आणि ज्याने कारण देऊन उत्तर दिलंय त्याच्याशीच बोला, बाकीच्यांना सोडून द्या.

आणि ताई, यादी तुमच्या एकटीचीच का असते? ग्रुपवर एवढी माणसं आहेत. पुढच्या डिसेंबरला प्रत्येकाकडून एकच सिनेमा आणि एकच ओळ मागवा. बाबांनी ‘छावा’ लिहिला तर तो तसाच वर ठेवा, खाली त्यांची ओळ, आणि त्याखाली हवं तर तुमचं म्हणणं, या वेळी पूर्ण. नवऱ्याला मात्र आत्ताच सांगा की मराठी सिनेमा जगवायचा असेल तर पुढच्या मराठी सिनेमाला पहिल्याच शनिवारी जायचं आणि तिकिटं त्याने काढायची. जमलं तर भावाची पण एक काढा.